काळी चंद्रकळा, पांढरा हलवा: मॉनिटर डोळ्यांनी जुळवायचा की यंत्राने?

संक्रांतीला भाचीचे फोटो काढले. काळी चंद्रकळा, अंगभर हलव्याचे दागिने. मॉनिटरवर निरी न् निरी वेगळी दिसत होती. अल्बम छापून आला तेव्हा पदराच्या जागी नुसता काळा पट्टा. चूक छापणाऱ्याची नव्हती. माझ्या मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण चढवलेला होता, त्यामुळे फोटो मुळात किती गडद आहे हे मला कळलंच नाही.

तेव्हापासून दोन्ही मार्ग वापरून पाहिले. कुठल्याही मार्गाने जा, मॉनिटर आधी अर्धा तास चालू ठेवा आणि नाइट लाइट (पडदा पिवळसर करणारी सोय) बंद करा.

डोळ्यांनी जुळवायला पैसे लागत नाहीत. विंडोजमधल्या 'डिस्प्ले कलर कॅलिब्रेशन'मध्ये काळ्या पार्श्वभूमीवरची फुली जेमतेम दिसेल इतकाच ब्राइटनेस ठेवायचा असतो. मी शिवाय आरजीबी (लाल-हिरवा-निळा; तिन्ही ० म्हणजे पूर्ण काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा) ०, ४, ८, १२, १६ असे पाच चौकोन शेजारी शेजारी काढून बघतो. खोलीत अंधार करून पाहिलं तर गडद छटांसाठी ही पद्धत खरंच चांगली आहे. पाचही चौकोन एकसारखेच काळे दिसले तर आधी केबलची सेटिंग तपासा. ग्राफिक्स कार्ड ० ते २५५ पाठवतंय आणि मॉनिटर १६ ते २३५ धरून बसलाय, असं असेल तर १६च्या खालचं सगळं एकच काळं होतं.

डोळे फसतात ते पांढऱ्यावर. पिवळ्या दिव्याखाली बसा नाहीतर ट्यूबखाली, दहा मिनिटांत नजर सरावते आणि निळसर हलवाही शुभ्र वाटायला लागतो. इथे कलरिमीटरला, म्हणजे पडद्याचे रंग मोजणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं यंत्र पडद्यावर टेकवलं की ते एकेक रंग मोजून आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या पडद्यावर रंग कसे दिसतात हे संगणकाला सांगणारी फाइल, बनवतं. छपाईच्या कामासाठी मी पांढऱ्याची छटा ६५०० केल्व्हिन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात त्याचं माप) २.२ आणि ब्राइटनेस चौरस मीटरला १०० कँडेलाच्या आसपास ठेवतो. यंत्र चालवणारं डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर मोफत आहे; यंत्राला मात्र पाच आकडी रक्कम मोजावी लागते.

पण यंत्र घेतलं म्हणजे काळा रंग सुधारला, असं होत नाही. अगदी गडद छटांत सेन्सरला प्रकाशच कमी मिळतो, म्हणून तिथे सावकाश मोजायचा पर्याय निवडा. आणि मुळात पॅनेलची मर्यादा राहतेच: साधारण आयपीएस जातीच्या पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातल्या उजेडाचं प्रमाण) १०००:१, म्हणजे १०० कँडेलाला काळा ०.१च्या खाली जात नाही. व्हीए या दुसऱ्या जातीच्या पॅनेलचा काळा जास्त खोल, पण बाजूने पाहिलं की गडद छटा बदलतात.

काम फोनवर आणि इन्स्टाग्रामवरच संपत असेल तर यंत्रावर खर्च करू नका, त्या पैशात चांगला मॉनिटर घ्या. लग्नाचे अल्बम, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ असं दुसऱ्याच्या पैशाने छापलं जाणारं काम असेल तर यंत्र हवंच. एकट्याने मात्र घेऊ नका, महिन्यातून एकदाच लागतं. आम्ही तिघांनी मिळून एक घेतलंय. पहिल्या रविवारी ते कर्वेनगरहून कोथरूडला जातं आणि संध्याकाळी माझ्याकडे सदाशिव पेठेत येतं.