नडगीवरचा स्नायूचा हर्निया : मिरजेतील उपचारांचा अनुभव

पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करताना माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला मऊ फुगवटा दिसू लागला, जो उभे राहिल्यावर वर येई आणि आडवे पडताच नाहीसा होई. आधी एका दवाखान्यात त्याला झोपवूनच सोनोग्राफी केली गेली. साहजिकच काही सापडले नाही आणि ‘चरबीची गाठ असेल’ असे सांगण्यात आले.

मिरजेतील ज्या अस्थिरोग रुग्णालयात त्याच्यावर पुढे उपचार झाले, तिथे मात्र तपासणीची सुरुवातच त्याला उभे करून झाली. पाऊल वर ओढायला लावून, फुगवटा आलेला असतानाच सोनोग्राफी केली आणि स्नायूंवरच्या चिवट आवरणाला, म्हणजे फॅशियाला, पडलेली फट व तिच्यातून बाहेर येणारा स्नायू आम्हाला पडद्यावर दाखवला. तिथे टिचकी मारली की पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येत, कारण त्या भागाला संवेदना देणारी नस नडगीच्या खालच्या भागात याच आवरणातून बाहेर पडते.

शस्त्रक्रियेची घाई कोणीही केली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. दुखत नसेल तर अशा हर्नियाला हात लावण्याची गरज नसते, हे स्पष्ट सांगून आधी दाब देणारा मोजा आणि धावण्याला विश्रांती एवढेच सुचवले. त्रास थांबेना तेव्हाच शस्त्रक्रियेचा विषय निघाला. फट शिवून का टाकत नाही, असे आईने विचारले, तेव्हा डॉक्टरांनी समजावले की आवरण ताणून शिवले तर व्यायामात फुगणाऱ्या स्नायूला जागा उरत नाही, आतला दाब वाढून रक्तपुरवठा अडतो आणि स्नायू व नस कायमची निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून त्यांनी फट उभी वाढवून आवरण मोकळे केले आणि नसेवरचा दाब काढला. फुगवटा थोडा दिसत राहील, हेही आधीच सांगितले होते. तो दिसतो, पण मुंग्या आणि धावतानाचे दुखणे गेले आहे.

उणिवा दोन. बाह्यरुग्ण विभागात फार ताटकळावे लागते, आणि खर्चाचा अंदाज तोंडी मिळतो. तो लेखी मागून घ्यावा; मागितल्यावर त्यांनी लगेच दिला.