गरम-गार शेकासाठी घडीचा आइस बाथ टब: घ्यावा की दोन पिंपांत भागतं?

ऑनलाइन ‘आइस बाथ टब’ म्हणून जो गोल, घडीचा टब मिळतो, तो साधारण 75 सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढाच उंच असतो. पीव्हीसीचं कापड, आत इन्सुलेशनचा थर, उभं राहण्यासाठी प्लास्टिकचे दांडे, काठाला हवा भरायचं कडं, झाकण आणि खाली पाणी सोडायचा कॉक. जाहिरातीत ‘कॉन्ट्रास्ट थेरपी’, म्हणजे आलटून-पालटून गरम-गार शेक, असं ठसठशीत छापलेलं असतं. मेख इथेच आहे. आलटून-पालटून शेक घ्यायचा तर गरम आणि गार अशी दोन पाणी लागतात, आणि टब येतो एक. गरमची बाजू शॉवरवर भागवता येते, पण मग टब बाथरूमला लागून हवा. ओल्या पायांनी हॉलमधून पळापळ करण्यात अर्थ नाही.

आता बर्फाचा हिशेब. टब काठोकाठ 330 लिटरचा. माणूस बसला की पाणी वर चढतं, म्हणून 220 लिटरच भरायचं. नळाचं पाणी 27 अंशांचं असेल आणि ते 13 पर्यंत उतरवायचं असेल, तर 33 किलो बर्फ लागतो. मुंबईच्या मे महिन्यात पाणी 30 अंशांवर गेलं की 40 किलो. बाहेरून आत झिरपणारी उष्णता यात धरलेलीच नाही. फ्रिजच्या ट्रेचा इथे संबंधच नाही, कारखान्यातून लादी आणावी लागते. खाण्याचा नसलेला निळसर बर्फ या कामाला चालतो, फक्त तो सरबताच्या बर्फात मिसळू देऊ नका.

वजनाबद्दल विक्रेते गप्प असतात. पाणी आणि 70 किलोचा माणूस मिळून 290 किलो, तेही जेमतेम 0.44 चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला 660 किलो. घरातल्या खोल्यांची जमीन भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण 200 किलोचा वापरभार (माणसं आणि सामान यांचं वजन) धरून डिझाइन करतात. जागा लहान असल्याने स्लॅब लगेच खचेल असं नाही, पण जुन्या इमारतीच्या बाहेर काढलेल्या बाल्कनीत हा टब ठेवू नये. तळमजला किंवा अंगण असेल तरच विचार करावा.

बाकीचे दोष नेहमीचे. हवेचं कडं व्हॉल्व्हपाशी मऊ पडतं आणि काठावर टेकून उठताना टब तिरका होतो. कॉक तळापासून थोडा वर असल्याने दोन-तीन लिटर पाणी आतच राहतं आणि चार दिवसांत तळ बुळबुळीत होतो. बर्फ महाग म्हणून तेच पाणी आठवडाभर ठेवायचा मोह होतो. डेंग्यूच्या डासाला नेमकं असंच साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं. महापालिका सांगते तो आठवड्याचा कोरडा दिवस या टबालाही लागू आहे.

धावणारे, ट्रेकर, दिवसभर उभं राहून काम करणारे यांची तक्रार बहुतेक पोटऱ्या आणि घोट्यांची असते. त्यांना दोन पिंपं पुरतात. बादली घेऊ नका. 25 लिटरच्या बादलीचा तळ इतका अरुंद असतो की मोठ्या माणसाची दोन पावलं सपाट टेकतच नाहीत, बोटं दुमडून बसावं लागतं. तळ किमान 33 सेंटिमीटर रुंद आणि भिंती सरळ असलेलं पिंप बघा. दुकानात टेप घेऊन जा. प्रत्येकात 30 लिटर पाणी भरलं की पाय घातल्यावर ते पोटरीच्या वरपर्यंत येतं.

गरम पिंपात गिझरचं 60 अंशांचं 12 लिटर आणि नळाचं 18 लिटर घातलं की 40 अंश मिळतात. 15 लिटरचा, 2 किलोवॉटचा गिझर हे पाणी 17-18 मिनिटांत देतो. 3 लिटरच्या इन्स्टंट गिझरवर मात्र पिंप भरताना रटाळ होतं. इमर्शन रॉड वापरायचाच असेल तर पाणी वेगळ्या धातूच्या भांड्यात तापवा, प्लग काढा, मगच ओता. पाय घातलेल्या पिंपात रॉड कधीही नको.

गार पिंपातलं पाणी 27 वरून 13 अंशांवर आणायला साडेचार किलो बर्फ लागतो. एक लिटरच्या पाच बाटल्या रात्रभर गोठवल्या की तेवढा होतो. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, बर्फ फुगून ती फाटते. प्लास्टिकमधून थंडावा सावकाश उतरतो, म्हणून बाटल्या तासभर आधी सोडा आणि शेवटी एक ट्रे सुटा बर्फ टाका. मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल प्रोब थर्मामीटर घ्या. तापाचा चालत नाही, 32 च्या खाली तो नुसता ‘लो’ दाखवतो. मोजण्याआधी पाणी ढवळा, गार पाणी तळाशी बसतं.

तीन मिनिटं गरम, एक मिनिट गार, असे पाच फेरे. दमलेल्या, सुजलेल्या पायांना शेवट गारने. सकाळच्या ताठरपणाला शेवट गरमने. गारमध्ये पाय हलवत राहा, नाहीतर कातडीभोवती कोमट पाण्याचा थर बसतो आणि बर्फ फुकट जातो. तिसऱ्या फेऱ्याला गरम पिंप 38 वर आलेलं असतं. पाय बाहेर काढून एक लिटर उकळतं पाणी घातलं की दोनेक अंश चढतात.

गरम-गारने ‘रक्तवाहिन्या पंपासारख्या चालतात’ हे स्पष्टीकरण ऐकायला छान आहे, पण एवढ्या वेळात खोल स्नायूचं तापमान फारसं हलत नाही. 2013 सालच्या एका आढाव्यात गरम-गार शेकाने नुसत्या विश्रांतीपेक्षा स्नायूंचं दुखणं कमी झालेलं दिसलं. नुसत्या गार पाण्याहून हे सरस असल्याचं मात्र ठरलं नाही. स्नायू वाढवण्यासाठी वजनं उचलणाऱ्यांनी व्यायामानंतर लगेच गार पाण्यात बसू नये. 2015 च्या एका अभ्यासात 12 आठवडे तसं करणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले.

मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्यांनी, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार, रेनॉड (थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसण्याचा त्रास) किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नये. ताजी मुरगळ असेल तर पहिले दोन दिवस गरम पिंप बाजूलाच ठेवा. उघड्या जखमेवर दोन्ही नको.

टबला आमचे पाचपैकी दोन गुण, तेही अंगण आणि जवळ बर्फाचा कारखाना असेल तर. पिंपांना चार. एक गुण कापला तो गुडघ्यासाठी: तिथपर्यंत पाणी पोचत नाही, तिथे फडक्यात गुंडाळलेला जेल पॅक आणि गरम पाण्याची पिशवीच बरी. शेक झाला की पिंपं उपडी घालून वाळवा. गार पाणी तसंही झाडांना जातं, फक्त आधी ते कोमट होऊ द्या.