दोन मीटर अंतरावरून: रिको जीआर ३

गेली चार वर्षे मी रस्त्यावरची जवळपास सगळी छायाचित्रे रिको जीआर ३ या एकाच कॅमेऱ्याने काढली आहेत. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याचा सेन्सर, त्याचे रंग आणि त्याची तीक्ष्णता यांविषयी भरपूर लिहून झाले आहे, आणि त्यातले बहुतेक खरे आहे. मला मात्र त्यातल्या एका सोयीविषयी सविस्तर लिहायचे आहे, कारण तिने माझी रस्त्यावर उभे राहण्याची रीतच बदलली. या सोयीला ‘स्नॅप फोकस’ म्हणतात, आणि माझ्या मते हा कॅमेरा घ्यावा की नाही, याचा निर्णय तिच्यावरच व्हायला हवा.

बाकीची ओळख थोडक्यात करून देते. बॅटरी आणि कार्डासह वजन २५७ ग्रॅम, कुर्त्याच्या खिशात बसेल एवढा आकार, एपीएस-सी मापाचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर, आणि १८.३ मिमी एफ/२.८ ही न बदलता येणारी लेन्स, जिचा दृष्टिकोन फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबाने २८ मिमी लेन्सइतका रुंद आहे. झूम नाही, डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर नाही, अंगभूत फ्लॅशही नाही. बटण दाबल्यापासून साधारण ०.८ सेकंदात तो तयार होतो आणि त्याच्या शटरचा आवाज बाजाराच्या गलबल्यात कोणालाही ऐकू येत नाही.

स्नॅप फोकसची कल्पना साधी आहे. फोकसचे अंतर आपण आधीच ठरवून ठेवायचे: १ मीटर, दीड मीटर, २ मीटर वगैरे. शटरचे बटण अर्धे दाबले तर नेहमीचा ऑटोफोकस चालतो. पण एका दमात पूर्ण दाबले, तर कॅमेरा काहीही न शोधता त्या ठरलेल्या अंतरावर छायाचित्र टिपतो. रस्त्यावर हा फरक फार मोठा ठरतो. ऑटोफोकस कितीही जलद असला तरी त्याने कशावर फोकस करावे, हा प्रश्न उरतोच. गर्दीत तो पुढच्या माणसाच्या खांद्यावर किंवा मागच्या दुकानाच्या पाटीवर जाऊन बसतो, आणि तोवर हवा असलेला हावभाव विरून गेलेला असतो.

याच्यामागचे गणित प्रत्येक छायाचित्रकाराने एकदा तरी स्वतः मांडून पाहावे. लेन्सचे प्रत्यक्ष नाभीय अंतर (फोकल लेंग्थ, इथे १८.३ मिमी) कमी असल्यामुळे तिची स्पष्टतेची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातले सगळे स्पष्ट येते तो पट्टा, मुळातच जास्त आहे. अंतर २ मीटरवर ठेवून अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र एफ/८ केले (आकडा मोठा तितके छिद्र लहान), तर सुमारे १ मीटरपासून २० मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. एफ/५.६ ला हाच पट्टा साधारण १.२ ते ५.५ मीटर होतो, आणि एफ/२.८ ला तो १.५ ते २.९ मीटर एवढाच उरतो. म्हणून दिवसा मी एफ/८ आणि शटरसाठी सेकंदाचा ५०० वा भाग ठरवून टाकते, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) कॅमेऱ्यावर सोपवते आणि मग तासन्‌तास एकाही चकतीला हात लावत नाही. उन्हात हे तंत्र जवळजवळ चुकतच नाही.

खरी परीक्षा अंधारात होते. दादर स्थानकाच्या पश्चिमेचा फुलबाजार पहाटे चारच्या सुमारास जागा होतो, आणि मी बहुतेक शनिवारी तिथे असते. गोणपाटावर ओतलेला झेंडू, शेवंतीच्या टोपल्या, डोक्यावर पाट्या घेऊन वाट काढणारे हमाल, आणि या सगळ्यावर दुकानदारांनी टांगलेल्या दिव्यांचा पांढरा उजेड. जिथे दिवा नाही तिथे एकदम काळोख. इथे एफ/२.८ आणि सेकंदाचा १२५ वा भाग यांच्याखाली जाता येत नाही. कॅमेऱ्यात थरथर आवरणारी तीन अक्षांची यंत्रणा आहे, पण ती माझ्या हाताची थरथर आवरते, चालत्या हमालाची नाही. म्हणजे स्पष्टतेचा पट्टा जेमतेम १.४ मीटर रुंदीचा उरतो, आणि त्या पट्ट्यात मी स्वतः जाऊन उभी राहिले तरच छायाचित्र मिळते.

त्यामुळे दोन मीटर म्हणजे नेमके किती, हे पायांना माहीत असावे लागते. सुरुवातीला मी घराच्या व्हरांड्यात फीतपट्टीने खुणा करून सराव केला. दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट, उंच माणूस आडवा झोपला तर त्याच्या लांबीपेक्षा वीतभर जास्त. पुढे बसच्या रांगेत, भाजीवाल्याकडे, कार्यालयाच्या जिन्यात, कॅमेरा जवळ नसतानाही मी अंतरे मनात मोजत राहिले. दोनेक महिन्यांनी मोजणे सुटले आणि नुसते कळू लागले. तंत्र शिकणे म्हणतात ते मला यात सर्वांत स्पष्टपणे अनुभवाला आले: कॅमेऱ्याकडे जाणारे लक्ष हळूहळू मोकळे होऊन समोरच्या माणसाकडे गेले.

आणि समोरचा माणूस दोन मीटरवर असला की त्याच्यापासून लपता येत नाही. लांब लेन्सने पलीकडच्या फुटपाथवरून टिपलेल्या छायाचित्रात जी चोरटेपणाची छटा येते, तिला इथे जागाच नाही. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून गजरे ओवणाऱ्या एका मावशींची मी अनेक शनिवार छायाचित्रे काढत होते. एके दिवशी मान वर न करताच त्या म्हणाल्या, “अगं, एवढे फोटो काढतेस, एक तरी आणून दे की.” पुढच्या आठवड्यात मी सहा-चार आकाराच्या तीन प्रती नेऊन दिल्या. त्यांनी त्या शेजारणींना दाखवल्या आणि त्यातली एक नापसंत ठरवली, कारण तिच्यात हात दिसत नव्हते. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी चेहऱ्यामागे धावले होते, आणि काम तर हातांचे चालले होते.

२८ मिमीची रुंदी हा या कॅमेऱ्याचा दुसरा शिक्षक आहे. चौकटीत फार काही येते; कडेला आलेला माणूस ताणल्यासारखा दिसतो आणि रिकामे आकाश लगेच नजरेत भरते. कॅमेऱ्यात ३५ आणि ५० मिमीचा दृष्टिकोन देणारी कापणीची सोय आहे, पण ५० ला केवळ ७ मेगापिक्सेलच उरतात, आणि खरे सांगायचे तर ती सोय पुढे पाऊल टाकण्याची सवय मोडते. मी ती वापरत नाही. चौकट कशी भरावी, यासाठी मी पुन्हा पुन्हा भारतीय छायाचित्रकार रघुबीर सिंग यांच्या मुंबईच्या रंगीत छायाचित्रांकडे जाते. दुकानांच्या काचा, आरसे, त्यांत पडलेली रस्त्याची प्रतिबिंबे आणि त्यांच्या मधोमध आपापल्या कामात गढलेली माणसे. एकाच चौकटीत चार-पाच घटना, तरी एकही दुसरीला ढकलत नाही. जपानी छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांची वाट अगदी वेगळी. १९९६ मध्ये आलेल्या जीआर १ च्या घराण्यातले छोटे फिल्म कॅमेरे आणि पुढे डिजिटल जीआर हातात घेऊन त्यांनी तोक्योचे रस्ते दाणेदार, करकरीत काळ्या-पांढऱ्यात टिपले. या कॅमेऱ्यात तीव्र कृष्णधवल छायाचित्रे देणारा पर्याय आहे आणि तो मोहात पाडतो. फुलबाजारात मात्र मी तो बंद ठेवते. झेंडूचा रंग काढून घेतला तर त्या पहाटेचे फारसे काही उरत नाही.

मर्यादा घेण्यापूर्वीच माहीत असाव्यात. अधिकृत मोजमापानुसार एका बॅटरीवर सुमारे २०० छायाचित्रे मिळतात, म्हणून दोन जास्तीच्या बॅटऱ्या हा खर्चाचाच भाग समजावा. कॅमेऱ्याला पावसापासून किंवा धुळीपासून संरक्षण नाही. लेन्स आतबाहेर होते आणि तिच्यावाटे धूळ आत जाण्याची चिंता हे कॅमेरे वापरणाऱ्यांत नेहमी बोलली जाते, म्हणून मी तो मऊ कापडी पिशवीतच ठेवते आणि वारीत किंवा मुंबईच्या जुलैत बाहेर काढत नाही. मागचा पडदा हलत नाही, आणि दुपारच्या उन्हात त्याच्यावर विसंबून चौकट जुळवणे अवघड जाते. चलचित्रणासाठी हा कॅमेरा कोणी घेऊ नये. एवढ्याच पैशांत लेन्स बदलता येणारा कॅमेरा येतो, आणि ज्यांना घरचे समारंभ, पक्षी, सहली सगळे एकाच कॅमेऱ्याने टिपायचे आहे त्यांच्यासाठी तोच योग्य ठरेल.

याच कुळातला जीआर ३ एक्स २०२१ मध्ये आला. त्याची लेन्स ४० मिमीच्या दृष्टिकोनाची आहे, आणि ज्यांना इतके जवळ जाणे जड जाते त्यांना ती मानवेल. पण तिच्यात एफ/८ ला २ मीटरवर ठेवलेला पट्टा साधारण १.४ ते ३.६ मीटर एवढाच राहतो, हे ध्यानात ठेवावे. २०२५ मध्ये जीआर ४ सुद्धा आला आहे. यांपैकी कोणताही घेण्याआधी एक आठवडा हातातल्या मोबाइलवरच प्रयोग करावा, कारण बहुतेक मोबाइलची मुख्य लेन्स २८ मिमीच्या आसपासच, किंबहुना थोडी जास्तच रुंद असते. झूम न करता, बाजारात, माणसापासून साडेसहा फुटांवर उभे राहून छायाचित्रे काढावीत. आठवड्याच्या शेवटीही तिथे उभे राहावेसे वाटत असेल, तर जीआर ३ घ्यावा.