हळद की कर्क्युमिनची कॅप्सूल?

आईचा विसरभोळेपणा वाढलाय, कॅप्सूल आणू की हळदीचं दूध पुरे, असं मावसबहीण विचारतेय.

दीर्घ ताणाखालच्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागात, कर्क्युमिननं (हळदीतलं पिवळं रंगद्रव्य) नव्या पेशी वाढल्या, हे खरं. पण तिथे रंगद्रव्य वेगळं काढून दिलेलं. हळदीत ते जेमतेम ३ टक्के, आणि रक्तात त्यातलंही फार थोडं उतरतं. मिरीतल्या पायपरीननं शोषण वाढतं: १९९८च्या अभ्यासात उंदरांत १५४ टक्के, माणसांत २००० टक्के.

मात्रेत कॅप्सूल सरस, पण महाग. शिवाय यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

रोजच्या स्वयंपाकाला हळदच बरी. कॅप्सूल घ्यायचीच तर यकृत ठणठणीत असणाऱ्यानं, तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानं. मावशीचं मात्र आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घे.