व्यायामाचा वेग ठरवताना: फक्त वय विचारणारा कॅल्क्युलेटर की विश्रांतीची नाडीही मागणारा?

व्यायाम करताना नाडी कुठवर न्यावी हे सांगणारे कॅल्क्युलेटर मुख्यतः दोन पद्धतींचे असतात. पहिला वय २२० मधून वजा करून कमाल ठोके काढतो आणि थेट त्यांची टक्केवारी देतो. दुसरा १९५७ सालच्या कार्व्होनेन पद्धतीचा. तो विश्रांतीची नाडीही मागतो, कमाल आणि विश्रांतीच्या ठोक्यांमधल्या अंतराची टक्केवारी काढतो आणि ती विश्रांतीच्या ठोक्यांत मिळवतो. मी दोन्ही काही महिने वापरून पाहिले आहेत.

पहिल्याची सोय नाकारता येणार नाही, कारण त्यात मोजण्यासारखे काहीच नसल्याने पाच सेकंदांत उत्तर मिळते. माझे वय ४६ असल्याने कमाल ठोके १७४ आले आणि मध्यम व्यायामासाठी ५० ते ७० टक्के, म्हणजे ८७ ते १२२ असा पट्टा मिळाला. अडचण त्या ८७ मध्ये होती. माझी विश्रांतीची नाडी तेव्हा ७४ होती आणि खुर्चीतून उठून दार उघडायला गेलो तरी मनगटावरच्या घड्याळात ८८ किंवा ९० दिसत असे. रोज ४० मिनिटे ९५च्या आसपास चालून मी समाधानाने घरी येत होतो. दोन महिन्यांनी जिने चढताना लागणारी धाप मात्र तशीच होती. आकडा चुकीचा नव्हता, पण माझे शरीर कुठून सुरुवात करते हे त्या कॅल्क्युलेटरने विचारलेच नव्हते, आणि ही एकच गोष्ट मला शेवटपर्यंत खटकत राहिली.

दुसऱ्यात ७४ आणि १७४ यांतले १०० ठोक्यांचे अंतर धरून ४० ते ६० टक्क्यांसाठी ११४ ते १३४ असा पट्टा आला. पहिल्या दिवशी ११४ गाठण्यासाठी मला सपाट रस्ता सोडून चढाची वाट धरावी लागली. पाच महिन्यांनी विश्रांतीची नाडी ६६ वर आली तेव्हा पट्टाही बदलून १०९ ते १३१ झाला. आकडे खाली उतरले तरी काम सोपे झाले नाही, कारण १०९ गाठायला आता पूर्वीपेक्षा बराच वेगाने चालावे लागते. पहिल्या कॅल्क्युलेटरने मात्र पुढच्या वाढदिवसापर्यंत तोच पट्टा दाखवला असता.

अर्थात दोन्हींचा पाया बहुधा २२० वजा वय हाच असतो, आणि एकाच वयाच्या माणसांचे खरे कमाल ठोके त्या अंदाजापेक्षा सहज १०-१२ ने कमी-अधिक असू शकतात. साठीच्या पुढच्यांनी २००१ सालचे तनाका सूत्र, म्हणजे २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करणारे, निवडता आले तर पाहावे. ६५व्या वर्षी ते १५५ ऐवजी सुमारे १६२ देते. नाडी मंदावणारी बीटा ब्लॉकरसारखी औषधे चालू असतील, तर हे दोन्ही कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारणे बरे.

नाडी मोजण्याचा कंटाळा असणाऱ्यांना पहिला पुरेसा वाटू शकेल. दुसरा निवडणाऱ्यांनी विश्रांतीची नाडी सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, पूर्ण एक मिनिट मोजावी आणि तीन दिवसांची सरासरी घ्यावी. मी एकदा घाईत, आंघोळीनंतर मोजलेले ८२ भरले होते, तेव्हा पट्ट्याची खालची कडा ११४ वरून ११९ वर गेली होती.