डोळ्याच्या प्रेशरला थेंब बरे की लेसर?

साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या मध्ये असायला हवं ते डोळ्याचं प्रेशर माझं बरंच वर गेलं, तेव्हा इथे कोल्हापुरात पहिला सल्ला थेंबांचाच मिळाला. लेसरचं नाव दुसऱ्या डॉक्टरांकडे कानावर आलं. दोन्ही करून झालंय. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे माझ्यापुरतं धरा.

डोळ्याच्या आत पाणी (अश्रू नव्हे) सतत तयार होत असतं. निचऱ्याची जाळी मोरीच्या जाळीसारखी तुंबली की प्रेशर चढतं आणि मागची नस हळूहळू मरते, तोच काचबिंदू. थेंबांपैकी लॅटानोप्रोस्ट पाण्याला बाहेर पडायला मदत करतं, टिमोलोल पाणीच कमी बनवतं (दमा असेल तर आधी सांगाच). एसएलटी लेसर थेट जाळीवर काम करतो.

थेंबांचा गुण लवकर दिसतो, हे मान्य. डोळे लाल होतात, पापण्यांचे केस वाढतात; त्याबद्दल माझी तक्रार नाही. वैताग बाटलीचा. २.५ मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब. दोन डोळ्यांना रोज रात्री एकेक, म्हणजे महिना सहज निघावा. निघतोय कुठला! मान मागे टाकून खालची पापणी ओढायची, तर पहिला थेंब गालावर, दुसरा पापणीवर आणि तिसरा कुठे गेला ते देवाला ठाऊक. परत घालू की नको, यात झोप उडते. महिना संपायच्या आत बाटली कोरडी, आणि औषधवाला म्हणतो, ‘उद्या येईल.’

लेसरला डोळा बधिर करून वर भिंग टेकवतात, हिरवे चमकारे दिसतात, काही मिनिटांत काम होतं. थोड्या वेळाने प्रेशर पुन्हा मोजून घरी. फरक दिसायला मात्र काही आठवडे जातात. काहींना लागूच पडत नाही, आणि ज्यांना पडतो त्यांचाही काही वर्षांत ओसरू शकतो. तरी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात लेसरने सुरुवात केलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांचं तीन वर्षांनंतरही थेंबांविना भागत होतं.

तपासण्या दोन्हीकडे सुटत नाहीत. दिवा दिसला की बटण दाबायची ती कंटाळवाणी फील्ड टेस्टसुद्धा.

आमच्या गल्लीतल्या काकांना सून रोज नेमाने थेंब घालते. त्यांना लेसर करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण आपले आपणच थेंब घालायचे असतील, हात थरथरत असेल, आणि जेवण झाल्यावर गंगावेशेत दूध प्यायला जायची सवय मोडवत नसेल, तर लेसरचं विचारून बघा. डोळ्याचा कोन, म्हणजे ती जाळी असते ती जागा, उघडा आहे का, ते आधी तपासून घ्या. अरुंद निघाला तर एसएलटी बहुधा चालत नाही, त्याचा इलाज वेगळा.