संगीत नाटकाची ऑडिशन: पेटीची साथ की मोबाइलवरचा ट्रॅक?

ट्रॅक फुकटात मिळतो, सरावाला केव्हाही हाताशी. पण त्याची पट्टी (ज्या सुरात गाणं बांधलंय तो सूर) दुसऱ्याची. ॲपवर ती फार चढवली-उतरवली की वाद्यं भेसूर वाजतात. सुरुवातीचं म्युझिक कापलं नाही, तर मिळालेल्या दीड मिनिटातली वीस सेकंदं नुसतं उभं राहण्यात जातात. आणि ब्लूटूथ स्पीकर ऐनवेळी जोडला जाईलच असं नाही, वायर ठेवा.

पेटीवाल्याला बिदागी द्यावी लागते, वेळ जुळवावी लागते (पुण्यात दुपारी एक ते चार विसरा!). मात्र तान लांबली, श्वास तुटला, तरी तो सांभाळून घेतो. 'काळी चार' (पेटीवरच्या सप्तकातली चौथी काळी) एवढं सांगितलं की पट्टी ठरली; मुखडा कुठून उचलणार, ते मात्र आधी एकदा बसून पक्कं करा.

नाट्यपद असेल तर पेटीच. नाचत म्हणायच्या, ठेक्यात बांधलेल्या गाण्याला ट्रॅक बरा.